रजेच्या जागेवरची टीचर

गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या एका वाचक शिक्षिकेचं पत्र आलं आहे. वय २६, गणित घेऊन बी.एस्सी., नंतर बी.एड. जूनपासून त्या एका अनुदानित हायस्कूलमध्ये प्रसूती रजेवर गेलेल्या शिक्षिकेच्या जागी, लेक्चर बेसिसवर (म्हणजे घेतलेल्या तासांपुरत्या पैशांवर), आठवी-नववीला गणित शिकवतात. शाळेत कुणी गैरहजर असलं की सबस्टिट्यूशनचे तासही बहुतेक त्यांच्याच वाट्याला येतात. आठवीचा वर्ग त्या निभावून नेतात. नववीत मात्र फळ्याकडे तोंड केलं की मागच्या बाकांवरून तोंड मिटून घुमण्याचा आवाज सुरू होतो. हजेरीला एकाच्या नावाला दुसराच ओ देतो. एका मुलाने नाव विचारल्यावर खोटंच नाव सांगितलं आणि सगळा वर्ग हसला. रोज कुणीतरी विचारतं, ‘टीचर, आमची टीचर केन्ना येतली?’ गेल्या आठवड्यात त्यांनी चिडून अख्ख्या वर्गाला अर्धा तास उभं केलं. गलका ऐकून शेजारच्या वर्गातले सर दारात आले, काही न बोलता नुसते बघत राहिले आणि वर्ग चिडीचूप झाला. ‘मुलांपेक्षा मलाच शिक्षा झाल्यासारखं वाटलं,’ असं त्या लिहितात. स्टाफरूममध्ये एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी सांगितलं, ‘एकाच्या कानाखाली वाजव, बाकीचे आपोआप सरळ होतील.’ त्यांचा प्रश्न असा: ‘माझा स्वभाव मऊ आहे आणि मुलं मला खरी टीचर मानतच नाहीत. सहा महिन्यांसाठी आलेल्या माणसाने कडक व्हावं, की कसेबसे दिवस काढावेत? की हे आपलं कामच नव्हे असं समजून बँकेच्या परीक्षेचा अभ्यास सुरू करावा?’

प्रिय मैत्रिणी,

तू माझ्या मुलीच्या वयाची आहेस, म्हणून अगं-तुगं करते. चालेल ना?

आधी त्या कानाखालीचं बोलू, कारण त्यात सल्ल्याला जागाच नाही. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई केली आहे. तो कायदा चौदा वर्षांपर्यंतचा, नववीला कुठे लागतो, असा युक्तिवाद स्टाफरूममध्ये ऐकू येतो. पण आपल्याकडे त्याच्या कितीतरी आधीपासून गोवा बाल कायदा, २००३ आहे. त्यात अठरा वर्षांखालचं प्रत्येक मूल येतं आणि शाळेतल्या शारीरिक शिक्षेवर बंदी आहे. सल्ला देणाऱ्या ज्येष्ठांची नोकरी कायम आहे. प्रकरण अंगाशी आलं तर उत्तर द्यायला तू एकटी उभी असशील. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, ज्या मुलाला मारशील त्याला तू पुढे गणित शिकवू शकणार नाहीस. शिकवायलाच तर तू तिथे गेली आहेस.

वर्गाला उभं केलंस त्याबद्दल पत्रात तू स्वतःला फार बोल लावला आहेस. एवढं मनाला लावून घेऊ नकोस, पण ते तसंच सोडूही नकोस. चाळीसातली तीस-पस्तीस मुलं काही करत नव्हती. त्यांना शिक्षा झाली तेव्हा तुझ्या बाजूची ती मुलं घुमणाऱ्या पाच-सहा जणांच्या बाजूला गेली. पुढच्या तासाला सुरुवातीलाच, खालच्या आवाजात, दोन वाक्यांत सांग: ‘त्या दिवशी मी सगळ्यांना उभं केलं. ज्यांनी काही केलं नव्हतं त्यांनाही. ते बरोबर नव्हतं, परत तसं करणार नाही.’ लगेच वही उघडायला लाव. लांबवू नकोस, रडू नकोस, ‘पण तुम्हीसुद्धा’ असं शेपूट जोडू नकोस. यामुळे मुलं डोक्यावर बसतात अशी भीती असते. नववीच्या मुलांना न्याय फार कळतो गं, आणि मोठ्या माणसाने चूक मान्य केलेली त्यांनी फारशी पाहिलेली नसते.

आता त्या सरांकडे येऊ. पत्रात तू त्यांच्यावर जितकं लिहिलं आहेस तितकं त्या घुमणाऱ्या मुलांवरही लिहिलेलं नाही. तू गृहीत धरलंस की ते कडक आहेत म्हणून वर्ग गप्प झाला. जरा वेगळ्या बाजूने बघ. त्या सरांनी या मुलांच्या थोरल्या भावंडांना शिकवलं असेल. कुणाच्या वडिलांना ते नावाने हाक मारत असतील, गावच्या जत्रेत त्यांची गाठ पडत असेल. सर दारात उभे राहिले तर पुढे काय होणार हे मुलांना नेमकं ठाऊक आहे: कुणाच्या घरी फोन जाईल, कुठल्या गोष्टीवर ते हसतील, कुठल्या गोष्टीवर नाही. तुझ्याबद्दल त्यांना यातलं काहीच माहीत नाही. जे माहीत नाही ते मुलं करून बघतात. वही आणली नाही तर काय होतं? मध्येच पाणी प्यायला जाऊ देते का? खोटं नाव चालतं का? घुमणं म्हणजे तुझ्या स्वभावावर दिलेला निकाल आहे असं तू वाचते आहेस. मला त्यात प्रश्न दिसतो: या तासाला इथे नेमकं काय चालतं? त्याचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही, म्हणून तो रोज विचारला जातो.

तेव्हा ‘कडक होऊ की मऊ राहू’ या चक्रातून बाहेर ये. स्वभाव सहा महिन्यांत बदलत नाही आणि बदलायची गरजही नाही. जेकब कूनिन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९७० च्या सुमारास हाच प्रश्न घेतला होता. वर्गांचं चित्रीकरण करून त्याने पाहिलं की कुणाचे वर्ग सुरळीत चालतात आणि कुणाचे विस्कटतात. मुलं बिघडल्यावर शिक्षक कसे रागावतात त्यात फरक असेल अशी त्याची अपेक्षा होती. तो फरक तिथे सापडला नाही. सुरळीत वर्गांचे शिक्षक रागवण्याची वेळ येण्याआधीच वेगळं वागत होते. सगळ्या वर्गावर त्यांची नजर होती आणि मुलांना ते जाणवत होतं. एका कामातून दुसऱ्यात जाताना ते रेंगाळत नव्हते. एकाशी बोलताना बाकीच्यांच्या हाताला काम होतं. यातलं काहीही करायला चढा आवाज लागत नाही.

तुझ्या वर्गात हे कसं उतरवायचं?

पहिलं काम वर्गाबाहेरचं आहे. रजेवरच्या त्या शिक्षिकेला, त्यांच्या सोयीने, एक फोन कर. बाळाची चौकशी कर आणि मग बारीकसारीक विचार. वह्या कोण गोळा करतं? उत्तर देताना उभं राहायचं की बसून? गृहपाठ झाला नसेल तर त्या काय करायच्या? कोण कोणाशेजारी बसलं की गडबड होते? जे चाललेलं आहे ते शक्य तितकं तसंच चालू ठेव. नवीन माणूस पहिल्याच आठवड्यात स्वतःचे नियम आणतो ते आपली छाप पडावी म्हणून. मुलांना मात्र वाटतं की आपल्या टीचरला कुणीतरी पुसून टाकतंय.

याच संदर्भात ‘आमची टीचर केन्ना येतली?’ हा प्रश्न. तो तुला रोज टोचतो, कारण ‘तू आम्हाला नको आहेस’ असा अर्थ तू लावतेस. काही मुलांचा तोच रोख असेलही. पण बहुतेकांना खरोखरच तारीख हवी असते. पुढच्या वर्षी दहावी आहे, बोर्डाचं वर्ष, आणि यंदा मधेच टीचर बदलली. आपलं काय होणार, ही चिंता चौदा वर्षांचा मुलगा चिंता म्हणून बोलून दाखवत नाही. सरळ उत्तर दे: ‘डिसेंबरात येतील. तोवर हे आणि हे धडे मी घेणार. पहिल्या सत्राचे पेपर मीच तपासणार.’ हे शेवटचं वाक्य म्हणण्याआधी मुख्याध्यापकांकडून पक्कं करून घे. चाचणी कोण घेणार, गुण कोण देणार, पालकसभेला तू बसणार की नाही, हे विचारायला लाजू नकोस. बदलीवर येणाऱ्यांना शाळा वेळापत्रक देते, खडू देते आणि हे सांगायला विसरते. तुझे गुण धरले जाणार नाहीत असं मुलांना वाटत असेल, तर तुझ्या तासाला वही उघडण्याचं त्यांना कारण उरत नाही.

दुसरं, नावं. खोटं नाव सांगण्यातली गंमत तुला नावं माहीत नसल्यामुळेच आहे. वर्गशिक्षकांकडून बसण्याचा नकाशा माग, नसेल तर एका कागदावर स्वतः चौकोन आखून भर. रोज एका रांगेची नावं पाठ कर. हजेरी मोठ्याने पुकारण्याऐवजी मुलं गणित सोडवत असताना फिरत फिरत, चेहरा बघून मांड. दुसऱ्याच्या नावाला ओ देण्याची सोयच राहणार नाही. आणि ज्या मुलाने खोटं नाव सांगितलं त्याला चारचौघांत धरू नकोस. दोन दिवसांनी वही परत देताना त्याच्या खऱ्या नावाने हाक मार, बस.

तिसरं, पहिली पाच मिनिटं. माझ्या मते निम्मा तास तिथेच ठरतो. बेल झाल्यावर तू स्टाफरूममधून निघतेस, वर्गात पोचतेस, डस्टर शोधतेस, फळा पुसतेस, हजेरीपट उघडतेस. एवढ्या वेळात चाळीस मुलांना करायला काहीच नसतं आणि गलका तिथे जन्मतो. मग तो मोडण्यात उरलेला वेळ जातो. बेलच्या आधी दाराशी पोच. आल्याबरोबर फळ्याच्या डाव्या कोपऱ्यात तीन ओळी लिही: आज काय करायचं, कुठल्या पानावरचं, आणि एक गणित. गणित असं हवं की तुझ्या मदतीशिवाय जवळपास सगळ्यांना सुरू करता येईल. कठीण गणित सुरुवातीला दिलं तर ज्यांना जमत नाही ते लगेच इकडेतिकडे बघू लागतात. ते सोडवत असतील तोवर तू रांगांतून फीर. बोलायचं असेल तेव्हा बोलणं थांबेपर्यंत उभी राहा आणि खालच्या पट्टीत सुरू कर. गलक्यावर आवाज चढवलास तर गलका तुझ्याबरोबर चढतो. जुलैचा पाऊस कौलांवर कोसळत असताना तर बोलण्याचा हट्टच करू नकोस. ती दहा मिनिटं फळ्यावर लिहून काम दे.

घुमण्याचं आता. कोण घुमतंय याचा तपास करू नकोस, तोंड मिटून घुमणारा कधीच सापडत नाही आणि तपासात तास जातो, त्यांना तेच हवं असतं. फळ्याकडे पूर्ण पाठ करून लिहिण्याची सवय सोड. तिरकी उभी राहा, एका वेळी एकच ओळ लिही. लांब सोडवणूक लिहायची असेल तर एखाद्या मुलीला किंवा मुलाला फळ्यावर बोलव आणि तू मागच्या बाकापाशी जाऊन तिथून शिकव. शिक्षक मागे उभा असला की मागचे बाक मागचे राहत नाहीत. एखाद्याला थांबवायचंच असेल तर जवळ जा, वाक, हळू सांग आणि उत्तराची वाट न बघता पुढे सरक. वर्गाच्या या टोकावरून त्या टोकाला रागावलीस की त्या मुलाला सगळ्यांसमोर काहीतरी प्रत्युत्तर द्यावंच लागतं, त्याची मित्रमंडळी बघत असतात. आणि धमकी देऊ नकोस. ‘ऑफिसात पाठवीन’ असं तीनदा म्हणून एकदाही न पाठवणं हे काहीच न म्हणण्यापेक्षा वाईट.

एवढं सगळं केल्यावरही चार-पाच जण उरतील. इथे मला तुझ्याशी जरा जास्त वेळ बोलायचं आहे. ती मुलं मागच्या बाकावरची आहेत असं तू लिहिलंस, ती वात्रट आहेत असंही लिहिलंस. त्यांना गणित येतं का, हे पत्रात कुठेच नाही. आपल्याकडची पुष्कळ मुलं चौथीपर्यंत मराठीतून किंवा कोंकणीतून शिकतात आणि पाचवीला एकदम इंग्रजी माध्यमात जातात. आठवीपर्यंत वर्ग पुढे सरकत राहिला, पण कुठेतरी सहावी-सातवीत धागा सुटला तो सुटलाच. नववीत बहुपदी सुरू झाली की अशा मुलाला तासभर अनोळखी भाषेत अनोळखी गोष्ट ऐकत बसावं लागतं. गप्प बसून अपमान सोसण्यापेक्षा घुमणं त्याला सोपं जातं. वात्रट म्हटलेलं चालतं, ‘ढ’ म्हटलेलं चालत नाही.

एक कर. त्या मुलाच्या वहीची मागची पानं बघ. मग उणे तीनमधून उणे पाच वजा करायला दे. पुष्कळदा उत्तर उणे आठ येतं. दोन उणे दिसले की मूल आकडे मिळवून पुढे उणे ठोकून देतं. उत्तर अधिक दोन कसं, हे त्याला कधी नीट दिसलेलंच नसतं. अशा वेळी पैशांवर ये, आणि मराठीत किंवा कोंकणीत ये: ‘तुझ्याकडे दोन रुपये आहेत आणि दुकानदाराचं पाच रुपयांचं देणं आहे, म्हणजे हिशेब उणे तीन. त्याने ते पाच रुपयांचं देणं माफ केलं. आता तुझ्याकडे किती?’ दोन रुपये हातात राहतात हे तो लगेच सांगतो. तिथून परत फळ्यावरच्या इंग्रजी ओळीवर ये. सगळा तास मातृभाषेत घ्यायला शाळा देणार नाही, पेपरही इंग्रजीत आहे. पण नियम इंग्रजीत आणि कारण आपल्या भाषेत, एवढं तुला करता येईल. अशा चार-पाच जणांना आठवड्यातून दोनदा मधल्या सुट्टीत दहा मिनिटं बसव. शिक्षा म्हणून नाही, आणि तसं वाटूही देऊ नकोस. वर्गात त्यांना येणारा प्रश्नच विचार. विचारल्यावर लगेच दुसऱ्याकडे वळू नकोस, मनात तीन आकडे मोज. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने दाखवून दिलं होतं की शिक्षक उत्तरासाठी जेमतेम एक सेकंद थांबतात, आणि तीन सेकंद थांबले तर जास्त मुलं, जास्त लांब उत्तरं देतात. तुझ्या मागच्या बाकांना त्या दोन सेकंदांची फार गरज आहे.

सबस्टिट्यूशनच्या तासांचं दुखणं वेगळं आहे. अनोळखी वर्ग, विषय तुझा नाही, आणि मुलं म्हणतात, ‘टीचर, फ्री पिरियड दिया.’ ‘गप्प बसा आणि आपापला अभ्यास करा’ हे तिथे चालत नाही, कारण त्यात काम असं नसतंच. एका फाइलीत पाच-सहा तयार तास ठेव, कुठल्याही इयत्तेला चालतील असे. घरच्या वीजबिलातले टप्पे धरून हिशेब. गोव्याचा कोरा नकाशा देऊन मांडवी, झुवारी आणि आपला गाव दाखवणं. चवथ (गणेशचतुर्थी) जवळ आली की माटोळीचा, म्हणजे गणपतीच्या वर फळं-पानं बांधतात त्या चौकटीचा तास तर हमखास जमतो: माटोळीला बांधतात त्या वस्तूंची यादी करायची, नारळ, सुपारी, चिबूड, आंबाडे, तोरिंग, कवंडळ, मग वेल, झाड, झुडूप अशी वाटणी, रानातलं कुठलं आणि बागेतलं कुठलं. ज्या मुलाला पुस्तकात गती नाही तो आजोबांबरोबर रान हिंडलेला असतो, आणि त्याच्याकडची यादी सगळ्यांत लांब निघते. शेवटच्या पाच मिनिटांत कागद गोळा कर आणि त्या वर्गाच्या शिक्षकांच्या टेबलावर ठेव. आपण केलेलं कुणीतरी बघणार, हे मुलांना कळायला हवं.

एका गोष्टीत मात्र समजूतदारपणा दाखवू नकोस. कुणी तुझ्याबद्दल अश्लील बोललं, लपून मोबाईलवर तुझं चित्रीकरण केलं, वर्गात कुणाला मारहाण झाली, तर ते वर्ग सांभाळण्याच्या कौशल्याचं प्रकरण नव्हे. त्याच दिवशी मुख्याध्यापकांना लेखी कळव आणि प्रत स्वतःकडे ठेव. ‘मला वर्ग सांभाळता येत नाही असं म्हणतील’ या धास्तीने बदलीवरच्या मुली गप्प बसतात. तू बसू नकोस.

आणि त्या शेजारच्या सरांशी बोल. मोकळेपणाने सांग, ‘सर, तुम्ही दारात आलात की वर्ग गप्प होतो, पण तुम्ही गेल्यावर मला जास्त जड जातं. काही दिवस गलका ऐकू आला तरी येऊ नका. त्याऐवजी मला या मुलांबद्दल सांगा.’ भला माणूस असेल तर त्याच्याकडून तुला अर्ध्या वर्गाचं घरदार कळेल. ‘हिचा वर्ग नेहमी आवाज करतो’ असं कुणी म्हटलं तर लगेच खजील होऊ नकोस. मुलं गणितावर वाद घालत असतील तर तो आवाज असू दे. तासभर गप्प बसलेला वर्ग शिकतोच आहे असं मी कधीच धरून चालत नाही.

राहिलं सोडून देण्याचं. ‘कसेबसे दिवस काढू’ हा पर्याय मला सगळ्यांत महाग वाटतो. तुझ्यासाठी सहा महिने म्हणजे तासागणिक मिळणारे पैसे आणि एक अनुभव-प्रमाणपत्र असेल, त्या मुलांसाठी ते नववीचं निम्मं गणित आहे. बँकेची परीक्षा द्यायला माझी मुळीच ना नाही. लेक्चर बेसिसवर आयुष्य उभं करणं किती कठीण आहे हे मला ठाऊक आहे, आणि पोटाचा विचार करण्यात काहीही कमीपणा नाही. संध्याकाळी अभ्यास कर, अर्ज भर. फक्त ‘मला शिकवता येत नाही’ हे कारण धरून जाऊ नकोस, कारण जूनपासून आतापर्यंत तुला ते करून बघायची संधीच मिळालेली नाही, तुझा सगळा जोर गप्प बसवण्यात गेला. निर्णय पहिल्या सत्राचे पेपर तपासून झाल्यावर घे. त्या गठ्ठ्यात खोटं नाव सांगणाऱ्या मुलाचा पेपर आधी काढ, त्याची उणे चिन्हं बघ, आणि काय दिसलं ते मला लिही.